दुबईत फ्लॅट, सोलापुरात मेडिक्लेम: परदेशी घर असणाऱ्यांनी आरोग्य विमा कसा बसवावा

इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपले वय ६३, पत्नीचे ५९. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना मुलाच्या हाती सोपवून आपण निवृत्त झाला आहात, दोन वर्षांपूर्वी दुबईत फ्लॅट घेतला आहे आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात बहुतेक दिवस तिथे राहता. मध्ये जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मात्र सोलापूरला येता. २०२१ मध्ये आपल्याला स्टेंट बसला, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. घरात ११ वर्षे सलग चालू असलेली १० लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कुटुंबासाठी मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी, आहे. एका परिचितांनी आपल्याला सांगितले की ही पॉलिसी बंद करून जगभर चालणारी एकच मोठी पॉलिसी घ्यावी. ते बरोबर आहे का, आणि दुबईत स्वतःचे घर असल्याने तिथल्या उपचारांत काही हक्क मिळतो का, असे आपण विचारले आहे.

सोलापुरात आरोग्य विम्याचे काम करताना मला २४ वर्षे झाली. या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो: ही पॉलिसी बंद करू नका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थीच आहे. घराची कागदपत्रे आपल्या नावावर असणे आणि त्या देशात वैद्यकीय उपचारांचा आधार असणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. विमा ठरतो तो आपण तिथे कोणत्या व्हिसावर राहता, सलग किती दिवस राहता आणि जाताना कोणते आजार अंगावर घेऊन जाता यांवर. म्हणून पुढचे सारे विवेचन दिवस, व्हिसा आणि आजार यांच्याभोवतीच फिरेल.

आधी जुन्या पॉलिसीची किंमत समजून घ्या, कारण ती हप्त्याच्या पावतीवर छापलेली नसते. विमा नियामक इर्डाईच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवली किंवा चुकीची दिली असा आक्षेप घेऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधीही, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो काळही, आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. आपण या दोन्ही मुदती केव्हाच ओलांडल्या आहेत, आणि स्टेंट तर पॉलिसी चालू असताना बसला आहे. उद्या ही पॉलिसी मोडून नवी घेतली, तर स्टेंट आणि मधुमेह हे नव्या कंपनीच्या लेखी पूर्वीचे आजार ठरतील, प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल, हप्त्यावर वाढीव आकार लागेल किंवा प्रस्तावच नाकारला जाईल. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टेबिलिटीचा मार्ग आहे. त्यात जुन्या विमा रकमेपुरती आजवरची वर्षे नव्या कंपनीत मोजली जातात आणि त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. मात्र तो निर्णय भारतातल्या सेवेवरून घ्यावा, दुबईच्या फ्लॅटवरून नव्हे.

आता या पॉलिसीची मर्यादा पाहू. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांचे पान उघडा आणि तिथे ‘रुग्णालय’ या शब्दाचा अर्थ वाचा. स्थानिक कायद्याखाली नोंदणी, आणि ती नसेल तर १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा व इतरत्र किमान १५ खाटा, अशी ती व्याख्या आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होमला १० खाटांचा निकष लागतो. ही व्याख्या लिहिताना नजरेसमोर भारतच होता, हे यावरून लक्षात येईल. त्याच पुस्तिकेत भौगोलिक मर्यादेचे स्वतंत्र कलम असते. त्यात फक्त भारताचे नाव असेल, तर दुबईत रुग्णालयात काढलेल्या एका रात्रीचा खर्चही या पॉलिसीतून मिळणार नाही.

याचा एक उपपरिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ६०, ९० किंवा १८० दिवसांचा तपासण्यांचा व औषधांचा खर्च आपली पॉलिसी देते खरी, पण ज्या भरतीचा दावा याच पॉलिसीत मान्य झाला असेल त्या भरतीनंतरचाच. दुबईत अँजिओप्लास्टी झाली, आपण आठवड्याने सोलापूरला परतलात आणि इथे होटगी रस्त्यावरच्या एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडे तीन महिने तपासण्या केल्या, तर त्या तपासण्यांची बिले भारतीय पॉलिसीत बसणार नाहीत. तिकडची पॉलिसी मायदेशी परतल्यानंतरचा खर्च देते की नाही, हे म्हणूनच निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

परदेशातल्या भागासाठी आपल्यापुढे तीन वाटा आहेत: ओव्हरसीज मेडिक्लेम म्हणजे प्रवास विमा, तिथल्या रहिवाशांसाठीची स्थानिक पॉलिसी, आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा. आपण कोणता व्हिसा घेतला आहे ते लिहिलेले नाही, म्हणून तिन्हींविषयी लिहितो. त्यातही प्रवास विम्यावर जास्त, कारण सोलापूरहून जाणारे बहुसंख्य लोक तोच घेतात आणि त्यातच सर्वाधिक फसगत होते.

प्रवास विमा एका फेरीचा किंवा वार्षिक बहुफेरीचा असतो. एका फेरीची पॉलिसी साधारणपणे १८० दिवसांपर्यंत मिळते. वार्षिक पॉलिसीत वर्षभर कितीही फेऱ्या करता येतात, पण प्रत्येक फेरीला ३०, ४५, ६० किंवा ९० दिवसांची कमाल मर्यादा असते. नाव ‘वार्षिक’ असल्यामुळे अनेकांची अशी समजूत होते की वर्षभर केव्हाही, कितीही दिवस आपण सुरक्षित आहोत. या समजुतीचा फटका मी जवळून पाहिला आहे. माझ्याकडच्या एका चादर व्यापाऱ्यांचे परदेशात छोटे घर होते आणि वार्षिक पॉलिसीत प्रत्येक फेरीला ४५ दिवसांची मर्यादा होती. परतीचे तिकीट ४१ व्या दिवसाचे होते. निघायच्या आदल्या दिवशी न्हाणीघराच्या भिंतीत पाणी झिरपताना दिसले, प्लंबर चार दिवसांनी येणार होता, म्हणून त्यांनी तिकीट ८ दिवसांनी पुढे ढकलले. ४७ व्या दिवशी त्यांच्या पत्नी त्याच न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्या आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. कंपनीने पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती मागवल्या, शिक्क्यांवरून दिवस मोजले आणि संपूर्ण दावा नाकारला. मी तीन महिने पत्रव्यवहार केला, पण कलमाचा शब्द स्पष्ट होता. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च त्या कुटुंबाला पदरचा करावा लागला आणि ते पत्र त्यांच्या हाती देतानाचा दिवस मी अजून विसरलेलो नाही.

हॉटेलात उतरलेला प्रवासी ठरल्या दिवशी निघतो, पण स्वतःचे घर असलेल्या माणसाचा मुक्काम नळासाठी, सोसायटीच्या सभेसाठी, वीजजोडणीच्या कागदासाठी लांबतो. तेव्हापासून परदेशी घर असणाऱ्या प्रत्येकाला मी ठरलेल्या मुक्कामापेक्षा किमान पंधरा दिवस जास्त धरायला सांगतो. एका फेरीच्या पॉलिसीची मुदत वाढवता येते, परंतु ती संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो आणि तोवर दावा किंवा आजार उद्भवलेला असला तर कंपनी नकार देऊ शकते.

आपल्या बाबतीत गड्ड्याची यात्रा विम्याच्या हिशेबाने सोयीची ठरते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात आणि १३–१४ जानेवारीच्या आधी, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला व अक्षता सोहळ्याला हजर राहण्यासाठी परतलात, तर पहिली फेरी साधारण ७० दिवसांची होते. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा जाऊन मार्चअखेर आलात तर दुसरी ६० दिवसांची. म्हणजे ९० दिवसांची मर्यादा असलेली वार्षिक पॉलिसी किंवा एका फेरीच्या दोन पॉलिसी, दोन्ही बसतात. ४५ किंवा ६० दिवसांची मात्र बसत नाही. दोन्ही वेळा पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वी घेतलेली असावी.

दिवसांचा प्रश्न सुटला तरी स्टेंटचा प्रश्न उरतो, आणि आपल्या दृष्टीने तोच मोठा आहे. बहुतेक प्रवास विमा पॉलिसी पूर्वीच्या आजारांना वगळतात किंवा फक्त जीवावर बेतलेल्या तातडीच्या अवस्थेतच, आणि तेही वेगळ्या उपमर्यादेपर्यंत, पैसे देतात. पहिल्या पानावर एक लाख डॉलर असा ठळक आकडा असतो आणि आतल्या कोष्टकात पूर्वीच्या आजारासाठी काही हजार डॉलरच लिहिलेले असतात. आपल्याला तिथे छातीत दुखले, तर २०२१ चा स्टेंट असल्यामुळे त्याकडे पूर्वीचा आजार म्हणूनच पाहिले जाईल, हे गृहीत धरा. म्हणून पॉलिसी निवडताना एकूण रकमेऐवजी त्या उपमर्यादेचा आकडा आधी पाहावा. साठीपुढच्या व्यक्तींसाठी काही पॉलिसींत हृदयविकार, पक्षाघात, हाडांच्या शस्त्रक्रिया यांनाही आजारवार मर्यादा असतात. ते कोष्टकही मागून घ्यावे. प्रस्तावात स्टेंट, मधुमेह, रक्तदाब आणि चालू गोळ्यांची नावे पूर्ण लिहावीत. ‘हे लिहिले तर हप्ता वाढेल’ असे सांगणारा सल्लागार आपले नुकसान करतो, कारण परदेशातल्या रुग्णालयात पहिल्याच तासाला डॉक्टर आपल्याला पूर्वेतिहास विचारतात, आपण खरे तेच सांगता, आणि ते केसपेपर दाव्याबरोबर कंपनीकडे जातात.

आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. प्रवास विमा रुग्ण स्थिर होईपर्यंतच साथ देतो. प्रकृती प्रवासायोग्य झाली की कंपनीचे डॉक्टर भारतात परतायला सांगू शकतात आणि पुढचे नियोजित उपचार मायदेशात करावे लागतात. त्या क्षणी आपली ११ वर्षांची पॉलिसीच उपयोगी पडते. ती बंद करू नका असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठीही.

आपण गोल्डन व्हिसा घेतला असेल तर चित्र बदलते. दुबईत किमान २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा हा व्हिसा मिळू शकतो, आणि तो घेतल्यावर आपण तिथले पाहुणे राहत नाही, रहिवासी होता. २०१३ च्या ११ व्या क्रमांकाच्या कायद्याने दुबईत रहिवाशांना आरोग्य विमा बंधनकारक केला आहे, त्यामुळे तिथली स्थानिक पॉलिसी घ्यावीच लागते. कायद्याला पुरेशा ठरणाऱ्या मूलभूत पॉलिसीची वार्षिक मर्यादा दीड लाख दिरहम आहे आणि ती मुख्यतः कमी पगाराच्या कामगारांचा व अवलंबितांचा विचार करून आखलेली आहे. स्टेंट असलेल्या ६३ वर्षांच्या व्यक्तीने त्याहून वरची पॉलिसी पाहावी. स्थानिक पॉलिसीचा मोठा लाभ म्हणजे बाह्यरुग्ण तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि नेहमीच्या गोळ्या यांचाही त्यात समावेश असतो. आपला प्रवास विमा या बाबी क्वचितच देतो. मात्र ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, आपण तिथे पाच महिनेच राहत असलात तरी हप्ता बारा महिन्यांचा असतो, आणि पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षा किती व कशी, हे लेखी घ्यावे लागते.

इथे एक खाचखळगा आहे. भारतीय कंपन्यांचा प्रवास विमा हा भारतात राहणाऱ्या आणि तात्पुरत्या बाहेर जाणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीचे रहिवासी ओळखपत्र असेल, तर ही गोष्ट प्रस्तावात सांगितलीच पाहिजे आणि अशा व्यक्तीला ही पॉलिसी लागू होते का, हे कंपनीकडून ई-मेलवर विचारून घेतले पाहिजे. तोंडी ‘चालतं हो’ या उत्तरावर विसंबू नका.

परिचितांनी सुचवलेली जगभर चालणारी पॉलिसी दोन प्रकारची असते. पहिला प्रकार भारतीय कंपन्यांच्या, परदेशी उपचारांची जोड असलेल्या पॉलिसींचा. त्यातल्या काही फक्त तातडीचे उपचार देतात, तर काही नियोजित उपचारही देतात. पण त्यासाठी निदान भारतात झालेले असावे, पूर्वपरवानगी घ्यावी, सलग मुक्काम ठरावीक दिवसांपेक्षा जास्त नसावा अशा अटी असतात. म्हणजे दिवसांची मोजणी इथेही सुटत नाही. दुसरा प्रकार परदेशी कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विम्याचा, ज्यात भारत आणि दुबई दोन्हीकडे पूर्ण उपचार मिळू शकतात. अमेरिका वगळली तर हप्ता बराच उतरतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशी कंपनीचा आरोग्य विमा घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या विमाविषयक फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) नियमांत आहे. अट एवढीच की हप्त्यासह बाहेर पाठवलेली एकूण रक्कम परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या (एलआरएस) मर्यादेत, म्हणजे दरडोई दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत असावी. फ्लॅटचे हप्ते आपण याच योजनेतून पाठवत असाल तर दोन्हींची बेरीज पाहावी. आपल्या वयाला आणि स्टेंटला धरून ही पॉलिसी महाग पडेल, हृदयविकार वगळूनही देऊ केली जाईल. वर्षातले सात-आठ महिने बाहेर, तेही दोन-तीन देशांत काढणाऱ्यांनाच मी ती सुचवतो. आपल्याला नाही.

इतर देशांत घर असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. युरोपातल्या, एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. ब्रिटनमध्ये एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, हक्क वास्तव्यावर ठरतो. घर असलेल्या पण पाहुणा म्हणून आलेल्या व्यक्तीला रुग्णालयात भरती झाल्यास ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. थायलंडच्या निवृत्तांसाठीच्या ओ-ए व्हिसाला ३० लाख बाथच्या विम्याची अट आहे. अमेरिकेतला खर्च इतका आहे की तिथे रकमेत काटकसर करू नये. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर मिळणारे ५ लाखांचे संरक्षण भारतातच चालते, हेही नोंदवतो.

आता घरातल्या तयारीविषयी, कारण दावे बहुधा इथेच अडतात. दुबईच्या फ्लॅटमधल्या फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर रुग्णवाहिकेचा ९९८ हा क्रमांक, विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदतकेंद्राचा क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि दोघांच्या गोळ्यांची मूळ औषधी नावे मोठ्या अक्षरांत असू द्या. औषध कंपन्यांनी गोळ्यांना दिलेली नावे तिथल्या डॉक्टरांना कळतीलच असे नाही. स्टेंटचे कार्ड, २०२१ चे डिस्चार्ज कार्ड आणि अलीकडचा ईसीजी मोबाइलमध्ये ठेवा, कारण नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता आला तर डॉक्टरांचा निर्णय लवकर होतो. भरती होताच, शक्यतो २४ तासांच्या आत, मदतकेंद्राला कळवायचे हे पत्नीला आणि सोलापुरातल्या मुलाला, दोघांनाही माहीत हवे. पायांच्या जळजळीसाठी मधुमेहींना दिले जाणारे प्रीगॅबॅलिन किंवा वेदनेसाठीचे ट्रॅमॅडॉल अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडते. ते नेत असाल तर तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

पॉलिसीत वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे रुग्णाला उपचारांसाठी दुसरीकडे हलवणे, आणि पार्थिव मायदेशी आणणे यांचा खर्च आहे का, हेही पाहून ठेवावे. लिहायला जड जाते, पण हे काम मी दोन कुटुंबांसाठी केले आहे. मृत्यूचा दाखला, पार्थिव जतनाचे प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट एवढे जमल्याशिवाय विमानात जागा मिळत नाही, आणि मुंबई किंवा हैदराबादला उतरल्यावर सोलापूरपर्यंतचा रस्त्याचा प्रवास उरतोच. काही पॉलिसी विमानतळापर्यंतच खर्च देतात, काही घरापर्यंत.

शेवटी आपल्या भारतीय पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख पाहा. ती डिसेंबर किंवा फेब्रुवारीत येत असेल तर आपण तेव्हा दुबईत असाल, बँकेचा ओटीपी येणारे भारतीय सिम रोमिंगवर नसेल, आणि हप्ता चुकेल. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते व तेवढ्यात भरल्यास जुनी वर्षे टिकतात, परंतु मधल्या दिवसांतल्या आजाराला संरक्षण मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. ती वाचलेली रक्कम पत्नीसाठी व आपल्यासाठी सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी पूरक पॉलिसी, घेण्याकडे वळवता येईल. निघण्यापूर्वी हप्ता आगाऊ भरून पावती मुलाकडे द्या, आणि व्हिसाची प्रत व गेल्या दोन वर्षांच्या येण्याजाण्याच्या तारखा मला कळवा. त्या पाहिल्यावरच प्रवास विम्यातला ९० दिवसांचा पर्याय की तिथली स्थानिक पॉलिसी, हे नेमके सांगता येईल.